‘गोड’ म्हणून सोडून दिलेली चित्रं



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? घर, घरातलं लहान मूल, त्याच्याजवळ बसलेलं कुत्रं किंवा मांजर. आणि अशी चित्रं काढणाऱ्या स्त्रिया. कॅलेंडरवर, शुभेच्छापत्रांवर, बिस्किटांच्या डब्यांवर अशी चित्रं आपण इतकी पाहिलेली असतात की त्यांच्याकडे नीट बघायचंच राहून जातं. ‘किती गोड!’ म्हणतो आणि पान उलटतो.

आज आपल्याला या ‘गोड’ शब्दाचीच थोडी तपासणी करायची आहे. एखाद्या चित्राला आपण ‘भव्य’ म्हटलं, तर पुढे विचारता येतं, त्यात भव्य काय आहे? ‘करुण’ म्हटलं, तर कुणाचं दुःख, असा प्रश्न येतो. ‘गोड’ म्हटलं की पुढे काही विचारायचं उरत नाही. कौतुकही होतं आणि विषयही मिटतो. कलेच्या इतिहासात स्त्रियांनी काढलेली घराची चित्रं बऱ्याच अंशी याच शब्दाने मिटवली गेली आहेत. आमचं म्हणणं असं, की या चित्रांत एक गंभीर विचार आहे. तो पुरुषांनी काढलेल्या घराच्या चित्रांत सहसा सापडत नाही. आणि तो आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांनाही लागू पडतो.

सुरुवात आपण १८९३ या एका वर्षापासून करू. त्या वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन चित्रकारांनी एकाच प्रकारचं चित्र काढलं. दोघांनीही स्वतःच्या मुलीला बसवून काढलं आणि दोन्ही चित्रांत कुत्रं आहे.

पहिलं चित्र राजा रविवर्म्याचं. नाव इंग्रजीच आहे, ‘देअर कम्स पापा’; म्हणजे ‘ते बघ, बाबा आले’. रविवर्म्याची मुलगी महाप्रभा आपल्या लहानग्याला घेऊन उभी आहे. दोघांचं लक्ष चित्राच्या डाव्या बाजूकडे लागलेलं आहे. जवळ कुत्रं आहे. बाबा मात्र चित्रात नाहीत, ते येताहेत. गंमत अशी, की चित्रात नसलेला हा माणूसच चित्राचा नायक आहे. आईची मान, मुलाचा चेहरा, सगळं त्याच्या येण्याने ठरलेलं. अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली आहे. रविवर्म्याचं घराणं केरळातल्या मातृवंशीय परंपरेतलं. तिथे घर आईच्या बाजूने चालायचं आणि संध्याकाळी बाबा घरी येण्याची वाट पाहणारं कुटुंब ही त्या घराची मूळ रीत नव्हती. म्हणजे हे चित्र घर कसं होतं ते दाखवत नाही, नव्या काळात ते कसं असावं ते दाखवतं. आणि त्या नव्या घरात आई, मूल, कुत्रं या सगळ्यांना एक काम दिलेलं आहे: वाट बघणं.

दुसरं चित्र पॅरिसचं. चित्रकार बेर्त मोरिसो. तिची मुलगी ज्युली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. चित्रात ज्युली बसली आहे, तिच्याजवळ लाएर्त नावाचा तिचा सडपातळ ग्रेहाउंड कुत्रा आहे. कवी मालार्मे हे या कुटुंबाचे स्नेही, त्यांनी तो कुत्रा ज्युलीला दिला होता. ज्युलीचा पोशाख काळपट आहे, कारण आदल्या वर्षी, १८९२ मध्ये, तिचे वडील वारले. चित्रात एक रिकामी खुर्ची आहे. ही खुर्ची म्हणजे गेलेले वडील, असं अनेकांनी वाचलं आहे आणि ते पटण्यासारखं आहे. पण त्या खुर्चीकडे चित्रातलं कुणीही बघत नाही, हे आपल्याला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलगी रडत नाही, मोरिसो तिला रडायला लावतही नाही. इथे बाबा येणार नाहीत हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कुणाची वाट बघायची नाही. एक मुलगी आणि एक कुत्रं एकमेकांच्या सोबतीने नुसते आहेत.

या ‘नुसतं असणं’ याच्याशी आज आपल्याला थोडा वेळ थांबायचं आहे.

घरातल्या प्रत्येकाकडून काही ना काही काम अपेक्षित असतं. कर्त्या पुरुषाने मिळवून आणायचं, बाईने रांधायचं, म्हाताऱ्यांनी निदान सल्ला द्यायचा. सुखवस्तू घरात दोघेच असे असतात, की ज्यांच्याकडून कुणी काम मागत नाही: लहान मूल आणि पाळीव प्राणी. ‘लाडकं’ या शब्दाचा अर्थच तो आहे. उपयोग विचारला जात नाही, तो लाडका. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी कांटपर्यंत पोचले असतील, तर त्यांना आठवेल की १७९० च्या ग्रंथात त्याने सौंदर्याबद्दल काहीसं असंच म्हटलं आहे. सुंदर वस्तू आपल्याला तिच्या उपयोगापलीकडे आवडते. आपण तिच्याकडून काही मागत नाही. मग जिच्याकडून चोवीस तास काम मागितलं जातं, अशा घरातल्या व्यक्तीने, म्हणजे स्त्रीने, हातात ब्रश घेतला तर तिचं लक्ष कुठे जाईल? ज्यांच्याकडून काही मागितलं जात नाही त्यांच्याकडे जाईल. त्यात माया असेलच. पण त्याबरोबर एक प्रश्नही असेल, की असं नुसतं असण्याचा हक्क माणसाला किती दिवस मिळतो आणि मुलीला किती दिवस?

हा प्रश्न चित्रात कसा दिसतो, त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण मेरी कसाट या अमेरिकन चित्रकर्तीचं आहे. १८७८ साली पॅरिसमध्ये काढलेलं ‘निळ्या खुर्चीतली लहान मुलगी’. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. भडक निळ्या फुलाफुलांच्या कापडाच्या मोठमोठ्या खुर्च्या. त्यांतल्या एकीत एक मुलगी अक्षरशः पसरली आहे. एक हात डोक्यामागे, पाय फाकलेले, फ्रॉक वर सरकलेला. चेहऱ्यावर कंटाळा. तिला चांगले कपडे घालून बसवलं आहे, आणि तिने बसण्याची सगळी रीत मोडली आहे. समोरच्या खुर्चीत एक छोटं कुत्रं तसंच अंग टाकून पडलं आहे. मुलगी आपल्याकडे बघत नाही, कुत्र्याकडेही बघत नाही.

आता ‘नीट बस’ हे वाक्य आपल्या घरांत मुलींना दिवसातून किती वेळा ऐकवलं जातं ते आठवा. कसाटने नीट न बसलेली मुलगी काढली आणि तिला नीट बसवायला चित्रात कुणी मोठं माणूस ठेवलं नाही. त्याच वर्षीच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी अमेरिकन विभागाकडे हे चित्र गेलं, तेव्हा ते नाकारलं गेलं. कसाट चिडली होती, कारण पार्श्वभूमीवर खुद्द देगाने हात फिरवला होता. पुढच्या वर्षी ते इम्प्रेशनिस्टांच्या प्रदर्शनात लागलं. आज त्याला कुणी ‘गोड’ म्हणालं, तर आपण विचारू या, यातलं काय गोड आहे? कंटाळा गोड आहे, की कंटाळण्याची परवानगी असणं?

बालपण म्हणजे निरागसपणा, हा समजही या चित्रकर्त्यांकडे टिकत नाही. त्यासाठी आपल्याला अडीचशे वर्षं मागे, हॉलंडमध्ये जावं लागेल. हार्लेम शहरातली युडिथ लाइस्टर ही १६३३ मध्ये तिथल्या चित्रकारांच्या संघाची सदस्य झाली होती. तिचं साधारण १६३५ सालचं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. एक मुलगा हसतोय, त्याच्या एका हातात मांजर, दुसऱ्या हातात ईल नावाचा सापासारखा लांब मासा. शेजारची मुलगी मांजराची शेपटी ओढते आहे. मांजर ओरबाडायच्या बेतात. मुलं प्राण्यांवर प्रेम करतात आणि त्यांना छळतातही. दोन्ही एकाच हाताने करतात, हे प्रत्येक आईला माहीत असतं. लाइस्टरने ते झाकलं नाही. आणि तिचं पुढे काय झालं? लग्नानंतर तिची चित्रं अगदी कमी झाली. मृत्यूनंतर तर तिचं नावच पुसलं गेलं, चित्रं फ्रान्स हाल्सच्या नावावर विकली गेली. एका चित्रावरची तिची सही एका अभ्यासकाने ओळखली तेव्हा १८९३ साल उजाडलं होतं. म्हणजे पुन्हा तेच वर्ष.

आता कुणी म्हणेल, स्त्रियांना घर आवडतं म्हणून त्यांनी घर काढलं, यात विशेष काय? हा युक्तिवाद फसवा आहे. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने स्त्रियांना प्रवेश दिला तो १८९७ मध्ये. त्याकाळी मोठं चित्र म्हणजे युद्धाचं, पुराणाचं, इतिहासाचं. त्यासाठी मानवी देहाचा अभ्यास लागे, आणि तो वर्ग स्त्रियांना बंद. कॅफेत, रस्त्यावर एकट्या स्त्रीने चित्र काढत बसणं अशक्य. लिंडा नॉकलिन या कला-इतिहासकार बाईंनी १९७१ च्या निबंधात विचारलं होतं, थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत? त्यांचं उत्तर होतं, दोष ग्रहांत किंवा देहात शोधू नका, संस्थांत आणि शिक्षणात शोधा. तेव्हा घर हा विषय आवडीने निवडलेला नव्हता, तो वाट्याला आला होता. वाट्याला आलेल्या चार भिंतींत या बायकांनी काय पाहिलं, ते मोलाचं आहे. पण चार भिंती मोलाच्या होत्या, असा त्याचा अर्थ काढू नये.

टीका करायची तर ती या चित्रकर्त्यांवरही करावी लागेल. कसाटच्या निळ्या खुर्च्या झटकायला मोलकरीण होती, ती चित्रात नाही. मोरिसोने मात्र एकदा हा पडदा थोडा बाजूला केला. लहानग्या ज्युलीला दूध पाजणाऱ्या दाईचं चित्र तिने काढलं. एक बाई पैशांसाठी दुसरीच्या मुलीला अंगावर पाजते आहे आणि मुलीची आई समोर बसून चित्र काढते आहे. दोघीही काम करताहेत. मुलाचं ‘नुसतं असणं’ कुणाच्या तरी कष्टावर उभं असतं, आणि ते कष्ट बहुधा दुसऱ्या बाईचे असतात, हे त्या चित्रातून कळतं. याच मोरिसोचा १८९५ मध्ये मृत्यू झाला, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या रकान्यात ‘व्यवसाय नाही’ असं नोंदलं गेलं. जन्मभर चित्रं काढणाऱ्या बाईची सरकारदरबारी ही नोंद! घरातलं काम मोजलं जात नाही, आणि घरात बसून केलेली कलाही मोजली गेली नाही.

हा हिशेब परदेशाचाच आहे असं मात्र समजू नका.

कसाटची निळी खुर्ची १८७८ ची. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८२ मध्ये, आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर नवजात बाळाच्या हत्येचा खटला झाला, वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर लिहायला सुरुवात केली, आणि त्याला उत्तर आलं ते बुलढाण्यातल्या एका घरातून. ताराबाईंचा विषय चित्रकला नव्हे. पण पुरुषांनी रंगवलेलं घर आणि बाईने आतून पाहिलेलं घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी मराठीत इतक्या लवकर आणि इतक्या तिखटपणे सांगितलं. रविवर्म्याची छापील चित्रं मुंबईच्या आणि नंतर मळवलीच्या छापखान्यातून मराठी घरांच्या भिंतींवर येऊन पोचली, ती १८९४ नंतर. म्हणजे ‘ते बघ, बाबा आले’ची टीका आपल्या जिल्ह्यात चित्राच्या आधीच लिहून झाली होती, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

मग आपल्याकडे चित्रं काढणाऱ्या स्त्रियांचं काय? मुंबईच्या जे.जे. स्कूलमध्ये शिकलेल्या पहिल्या काही मराठी-कोकणी मुलींत अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद ही दोन नावं ठळक. दोघींचे वडील नामवंत चित्रकार आणि जे.जे.मध्ये शिकवणारे. नॉकलिनबाईंनी नेमकं हेच दाखवलं होतं, की पूर्वीच्या चित्रकर्त्या बहुधा चित्रकारांच्या मुली असत, कारण रंग आणि गुरू घरातच मिळे. अंबिकाबाईंनी पौराणिक-ऐतिहासिक विषय हाताळले, अँजेलांनी साडी नेसलेली मेरी आणि तिचं बाळ रंगवलं. कसाट-मोरिसोंना जे दार बंद होतं ते यांना उघडं मिळालं आणि त्या दारातून त्या बाहेर पडल्या. त्यांनी घर-मूल-मांजर काढत बसायला हवं होतं, असं म्हणण्याचा आपल्याला काहीच अधिकार नाही.

आणि ज्या कलाशाळेत कधी गेल्याच नाहीत, त्या? त्यांनीही घरातली जनावरं काढलीच की. चातुर्मासात रोज सकाळी देवापुढे, अंगणात तेहेतीस गोपद्मं काढणारी बाई आठवा. गाईचं पाऊल, रांगोळीच्या चिमटीतून, रोज तेहेतीस वेळा. वसुबारसेला गाय-वासरू काढणारी बाई. नागपंचमीला भिंतीवर, पाटावर नाग काढणारी बाई. वासरू, लेकरू आणि बाई यांचं नातं या रेषांत आहे. पण ‘लोककला’ म्हणून याचं फार गोडवे गाणं हाही एक विषय मिटवण्याचाच प्रकार. रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडून टाकली जाते, आणि झाडतेही तीच. तिच्यावर सही नसते, लाइस्टरसारखी अडीचशे वर्षांनी ओळखू यायलाही काही उरत नाही. शिवाय तिथेही तिला नुसतं असता येत नाही. चित्र काढणं हेही व्रत, म्हणजे पुन्हा कुणासाठी तरी केलेलं काम.

बालपणाच्या चित्राची दुसरी बाजू अमृता शेरगिलने दाखवली. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या अजिंठ्याला ती १९३६-३७ च्या हिवाळ्यात आली आणि तिथल्या भित्तिचित्रांनी तिच्या कामाला वळण लागलं. त्याच सुमाराला, १९३६ मध्ये, तिने ‘बालिकावधू’ हे चित्र काढलं. त्याआधीचं, १९३५ चं, ‘तीन मुली’. खाली नजर लावून बसलेल्या तिघी. त्यांच्याभोवती खेळणं नाही, मांजर नाही. बाल-विवाहाला आळा घालणारा सारडा कायदा १९२९ साली झालेला होता. तरी या मुली वाट बघताहेत, आणि कशाची ते त्यांनी ठरवलेलं नाही. कसाटच्या मुलीशेजारी या तिघींना ठेवून बघा. एक कंटाळलेली आहे, या थकलेल्या आहेत. कंटाळा यायलाही मोकळा वेळ लागतो.

मंडळी, आपला खरा प्रश्न इथे येतो. ‘पाळीव प्राणी’ हा शब्दही आपण शहरी अर्थाने वापरतो. आपल्या गावांत जनावर कामाचं असतं. बैल औताला, गाय दुधाला, कुत्रं राखणीला. शेळी तर अडीनडीला विकायलाच ठेवलेली. घरातली मुलगी शेळीच्या पिल्लाला नाव ठेवते, कुशीत घेऊन झोपते. आणि मग एका बाजाराच्या दिवशी ते पिल्लू घरात नसतं. रडली तर म्हणतात, ‘अगं, बकरी हाय ती, तुही बहीण नाही.’ त्या मुलीला त्या दिवशी दोन गोष्टी कळतात. पहिली, की या घरात उपयोगाशिवाय कुणाला ठेवत नाहीत. दुसरी तिला थोडी उशिरा कळते, की हा नियम तिलाही लागू आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत धाकट्याला सांभाळायला शाळा सोडून घरी राहते ती हीच मुलगी.

हे चित्र कुणी काढलेलं आम्ही पाहिलेलं नाही. ते काढलं जावं, असं आम्हाला वाटतं. आणि ते काढणारी मुलगी कुठेतरी चिखलीत, मेहकरात, लोणारात असेल, तर तिच्या मास्तरांनी तिला ‘देखावा काढ’ म्हणून दोन डोंगर आणि मधला सूर्य काढायला लावू नये. ती मांजर काढत असेल तर काढू द्यावं. नीट बसली नाही तरी चालेल.

जाता जाता, तुम्ही पुढच्या वेळी घर, मूल आणि प्राणी असलेलं कुठलंही चित्र बघाल, पडद्यावर असो की भिंतीवर, तेव्हा तीन प्रश्न विचारून बघा. चित्रातली माणसं कुणासाठी बसली आहेत? चौकटीबाहेर राहून कोण राबतंय? आणि या मुलाकडून, या मुलीकडून, आत्ता या क्षणी कुणी काही मागत आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ते चित्र नुसतं गोड नाही. एका मुलीला मिळालेला मोकळा तास कुणीतरी नोंदवून ठेवला आहे, आणि असे तास मोजकेच असतात.

आज इथेच थांबू. नमस्कार.